आतोबांची टाकी

ब्रह्माघाट, काशी
भाद्रपद वद्य द्वादशी

तीर्थरूप पद्माआत्यास,

तुझा भाचा वेणीमाधव याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितोय खरा, पण डावा गुडघा सध्या टेकत नाही, तेव्हा सात अंगांचाच समज. आठव्याचं काय झालं ते पुढे येईल.) थोरांना पत्रात 'आपण' लिहावं असं मी पाठशाळेत तीस वर्षं शिकवलं, पण तुला 'आपण' लिहिलं तर तू चष्मा पुसून पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचशील, म्हणून 'तू'च लिहितो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या मुकुलनं तुझ्या कानाशी ओरडून सांगावी अशी ही हकीकत नाही. मुलानं आईला ओरडून सांगितलेलं सगळ्या सोसायटीला कळतं, आणि यात माझी अब्रू आहे.

इकडे आम्ही खुशाल. गंगा पायऱ्यांवरून खाली सरकतेय, मागे गाळ ठेवून, आणि सकाळपासून नळ्या लावून तो गाळ धुणं चाललंय. पितृपक्ष असल्यामुळे घाटावर मुंडण केलेल्या डोक्यांची गर्दी आहे. तुझी खुशाली विचारायची पद्धत आहे, पण ती तुझ्या नातीकडून, हिमानीकडून, मला कळली, आणि कळल्यापासून माझी खुशाली संपली. सप्तमीपासून तू जेवत नाहीस. अर्धी वाटी दूध, तेही हिमानी रडली तर. गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या. हिरवी नऊवारी मोलकरणीला देऊन टाकलीस. आणि कारण काय, तर आतोबा आलेत. रोज दुपारी साडेतीनला तुझ्या खोलीत पेट्रोलचा वास येतो, तो त्यांच्या हातांचा. ते तुला न्यायला आलेत, आणि प्रवासाला हलक्या पोटी निघावं. आत्या, तू चौऱ्याऐंशी वर्षांची आहेस. जायचं तेव्हा जाशीलच, मी अडवणारा कोण? पण कुणी चुकीच्या गाडीत बसायला निघालं तर फलाटावरच्या माणसानं सांगायला नको का? तो वास आतोबांचा नाही. तो माझा आहे. म्हणजे माझ्या हातून झालेल्या चुकीचा आहे, आणि ती चूक सांगायची तर टाकीपासून सुरुवात करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी आतोबा गेले आणि तू नाशिकला निघालीस, तेव्हा त्यांची मोटरसायकल माझ्या हवाली करून म्हणाली होतीस की चालू ठेव. मी ठेवली. (वैदेही म्हणते, बायकोची तब्येत एवढी जपली असती तर तिचं सोनं झालं असतं. बायकोच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही, हे ती वाचणार नाही अशा समजुतीनं लिहितो.) तुला तर माहीतच आहे, रेल्वे हापिसातून आले की आतोबा भोंगा कधी वाजवायचे नाहीत. खाली गल्लीत गाडी उभी करायची आणि बोटातल्या अंगठीनं टाकीवर वाजवायचं. एकदा टक केलं तर अर्थ असा की मी आलोय, तुझं काय चाललंय ते होऊ दे. टक टक असं दोनदा केलं की खाली ये, निघायचंय. मग तू हातातलं टाकून पदर खोचत उतरायचीस आणि मागे बसून दोघं मंगळागौरीच्या देवळाकडे जायचात. आम्ही पोरं वरून बघायचो. त्या टाकीवर उजव्या बाजूला रुपयाएवढा रंग उडालेला आहे, तो त्या अंगठीनं.

तर ती टाकी चैत्रापासून खालच्या जोडावर पाझरायला लागली. साबण चोळला की तेवढ्यापुरतं थांबतं, हे मला ठाऊक होतं, पण घरातल्या धुण्याच्या तीन वड्या संपल्यावर वैदेहीनं निकराचं बोलणं केलं. लल्लन मिस्त्रीकडे नेली असती, पण तो गाडीला 'बुढिया' म्हणतो आणि मला 'गुरुजी' अशा सुरात म्हणतो की त्यापेक्षा शिवी बरी. शिवाय मोबाईलवर मी टाकी काढण्याचे चार व्हिडिओ पाहिले होते, त्यांतला एक तर तामिळ होता, तरी समजला. आणि माळ्यावर आतोबांनी स्वतः आणून ठेवलेली दुसरी टाकी होती. त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळलेली, वर सुतळी. सुतळी सोडली तर आत त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी. फक्त तीन शब्द: घाई करू नये. खाली सही नाही, वर नाव नाही. मला वाटलं, बोल्ट कसणाऱ्याला सूचना असेल. पण माळ्यावर अंधारात, तोंडात टॉर्च धरून बसलेल्या माणसाला मेलेल्या माणसाचं अक्षर असं बोलायला लागलं की बरं वाटत नाही. मी शिडीवरून उतरताना दोन पायऱ्या गाळल्या. गुडघ्याची हकीकत ती ही.

वैदेहीचं म्हणणं, पितृपक्षात नवी वस्तू जोडू नये. मी म्हटलं, वस्तू नवी नाही, आतोबांचीच आहे. ती म्हणाली, मग तर मुळीच नको. यावर शास्त्रात उत्तर नव्हतं, म्हणून मी पाना घेऊन चौकात गेलो. ती द्वितीया होती.

टाकी उतरवणं सोपं आहे, आत्या. सीट काढायची, मागचा एक बोल्ट सोडायचा, खालची तोटी बंद करून नळी ओढायची, आणि टाकी मागे सरकवून उचलायची. व्हिडिओत याला सहा मिनिटं लागतात. मला सकाळच्या पूजेपासून दुपारच्या वैश्वदेवापर्यंत वेळ लागला, कारण बोल्ट गंजून बसला होता आणि त्याला मी रामरक्षेपासून खोबरेल तेलापर्यंत सगळं लावून पाहिलं. आधी टाकीतलं पेट्रोल नळीनं पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये उतरवून घेतलं. आता इथे नीट लक्ष दे. तसाच दुसरा पांढरा कॅन शेजारी होता. त्यात नावाड्यानं पहाटे मधल्या धारेतून आणलेलं गंगेचं पाणी होतं, तुझ्या गडूसाठी. राखीपौर्णिमेला तू पत्रातून मागितलंस ना, की शेवटी तोंडात घालायला काशीचं पाणी हवं, दुकानातल्या बाटलीतलं नको? नाशिकची यात्रेकरू मंडळी दुसऱ्या दिवशी परत निघणार होती, त्यांच्याबरोबर तांब्याचा गडू पाठवायचा होता. आपल्या घरात चार पिढ्या गडू भरून देतात. त्यात कधी चूक झाली नाही. पण चार पिढ्यांत कुणी त्याच दिवशी टाकीही काढली नव्हती.

नवी टाकी बसवली, एका कॅनमधलं तिच्यात ओतलं. दुसऱ्या कॅनमधून तुझा गडू भरला. मग अंघोळ करून, सोवळं नेसून, गडूला झाकण घातलं आणि वरून लाख वितळवून ओतली. वासानं कळलं नाही का, असं तू विचारशील. त्या दिवशी माझ्या हातांना, भाताला, आचमनाच्या पाण्याला, सगळ्यालाच पेट्रोलचा वास येत होता. तृतीयेला गडू नाशिकला निघाला.

त्याच सकाळी मी गाडीला लाथ मारली आणि ती पहिल्या लाथेला चालू झाली. आतोबांच्या हातीही ती कधी पहिल्या लाथेला झाली नव्हती. मला अभिमान वाटायला हवा होता, पण पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. गल्लीतून बाहेर पडलो, दोन वळणं घेतली, आणि आतोबा थांबायचे बरोबर त्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यासमोर गाडी खोकली आणि बंद पडली. पानवाला मान खाली घालून कात लावत होता. वर न बघता त्यानं पान पुढे केलं आणि म्हणाला, "बहुत दिन लगा दिए, दीनानाथ बाबू." मग वर पाहिलं. मला बघून त्याचा चेहरा उतरला, आणि त्याचा बघून माझा. आतोबांच्या गाडीचा आवाज तोच होता म्हणे, थांबायची जागाही तीच. मी पान खात नाही, पण ते परत करायचा धीर झाला नाही. घेऊन आलो आणि चौकात तुळशीपाशी ठेवलं. संध्याकाळी तिथे नव्हतं. (वैदेही म्हणते, वानर. असेल.)

गाडी ढकलत घरी आणली तेव्हा टाकीतून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. आतोबांच्या गुळण्या अख्ख्या घाटाला माहीत होत्या, तुला मी काय सांगणार. मी गाडी भिंतीशी लावून जुनी चादर घातली आणि ठरवलं की उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर आडवा झालो होतो. आपल्या चौकात ऊन साडेतीनला उतरतं. ऊन चादरीवर आलं आणि आतून आवाज झाला. टक टक. थांबून बसलो. पुन्हा नाही. पंचमीला साडेतीनला, टक टक. षष्ठीला तसंच. दोनदाच, त्याच अंतरानं. पत्रा तापला की वाजतो हे मला कळतं, मी अगदीच बावळट नाही. पण पत्र्याला दोनपर्यंत मोजता येतं हे मला नवीन होतं.

सप्तमी ही आतोबांची तिथी. तिकडे मुकुलनं केलंच असेल, पण इथेही मी गच्चीवर पान वाढलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं. कावळा आला, गच्चीकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ चौकात उतरला आणि मोटरसायकलच्या हँडलवर बसला. मी वरून हाका मारल्या. वैदेहीनं दर्भ हलवला. मी मोठ्यानं म्हणालो की आत्याकडे लक्ष ठेवू, गाडी विकणार नाही, काय हवं ते करू. तो बसून राहिला, चोचीनं आरसा साफ केल्यासारखं केलं आणि गेला. आतोबा निघताना आरसा पुसायचे. त्या दिवशी आमच्याकडे कुणाला खीर गेली नाही. मी चौकात उभं राहून मोटरसायकलला तीन ओंजळी तिळाचं पाणी दिलं. हसू नकोस. माझी खरोखर भीतीनं गाळण उडाली होती, आणि त्याच दिवशी तिकडे तू ताट बाजूला सारलंस हे मला तोवर माहीत नव्हतं.

नवमीला शेवटी मान खाली घालून लल्लन मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तोटी उघडून काचेच्या बाटलीत धार धरली, उजेडात बघितली, हुंगली आणि मला म्हणाला, "गुरुजी, ई गाड़ी है कि कमंडल?" टाकीत पाणी होतं. नुसतं गंगेचं पाणी. गाडी पहिल्या लाथेला चालली ती कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर, आणि तो घोट पानवाल्यापाशी संपला. गुळण्या पाण्याच्या. म्हणजे पानवाला सुटला, गुळण्या सुटल्या. मी हसायलाही लागलो होतो, आत्या, आणि हसता हसता मला तो दुसरा कॅन आठवला. टाकीत जर पाणी, तर तुझ्या गडूत काय?

मी त्याच पावली हिमानीला फोन केला. तिनं सांगितलं की गडू तुझ्या उशाशी कोनाड्यात आहे आणि शेजारी समई. पोरीला म्हटलं, काही विचारू नकोस, आधी समई विझव, गडू उचलून गॅलरीत ठेव, आणि कुणालाही तो उघडू देऊ नकोस. मग तिनं वासाचं सांगितलं, तुझं न जेवणं सांगितलं, आणि मी फोन धरून पायरीवर बसलो. तू शेवटचा घोट म्हणून जे जपलंस ते पेट्रोल आहे. पेट्रोल लाखेला जुमानत नाही, झाकणाच्या फटीतून उडतं, दुपारी खोली तापली की जास्त. तोच तुझा साडेतीनचा वास. माझ्या गाढवपणाला तू माझे आतोबा समजलीस. मला माफ कर. तुला हे लिहून कळवायला मला तीन दिवस लागले, कारण तुला आनंद झाला होता असं हिमानी म्हणाली, आणि तो काढून घ्यायला हात होईना.

पण घेतो. आतोबा आलेले नाहीत, आत्या. कुणी न्यायला आलेलं नाही. तू उठ, गोळ्या घे, वरणभात खा. नवा गडू मी स्वतः भरीन, तीनदा चाखून पाठवीन.

मुकुल व सूनबाईंस नमस्कार, हिमानीस आशीर्वाद.

तुझा,
वेणी

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी वैदेहीनं वाचलं. (सोन्याबद्दलचं वाक्य तिनं पाहिलं. त्यावर इथे लिहीत नाही.) वाचून ती कपाळाला हात लावून बसली. द्वितीयेला मी अंघोळीला गेलो असताना तिला गडूतून वास आला होता. तिनं पेट्रोल परत कॅनमध्ये ओतलं, गडू चिंच आणि राखेनं तीनदा घासला, आणि देवघरातल्या घागरीतलं गंगेचं पाणी भरून होता तिथे ठेवला. मला बोलली नाही, कारण मी आठवडाभर तोंड फुगवून बसतो म्हणे. टाकीतही घोटाळा असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही, आणि मी फोन केल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. जिन्याखाली कॅन दाखवला. भरलेला आहे. म्हणजे तुझ्या गडूत पहिल्यापासून शुद्ध गंगाच आहे. तेव्हा चाखून पाठवण्याबद्दल वर लिहिलंय ते खोडलेलं समज.

आणि वासाबद्दल जे लिहिलंय तेही.

ता. क. दुसरा. आत्ता हिमानीचा फोन येऊन गेला. गडू तीन दिवस गॅलरीत आहे, तरी साडेतीनला वास येतोच, आणि आज तो तिलाही आला. ती घाबरलेली नव्हती, हेच मला विचित्र वाटलं. म्हणाली, आजी सांगते की आजोबा आलेत, पण अजून टाकीवर वाजवलं नाही. म्हणते, ते दोनदा वाजवतील तेव्हा मी उतरणार.

आत्या, ते दोनदा वाजवतायत. रोज वाजवतायत. पण गाडी माझ्या चौकात आहे, त्यामुळे ते तिथे ऐकू येत नाही, इथे येतं. मी फोन ठेवला आणि पाना घेऊन चौकात गेलो. बोल्टला या वेळी खोबरेल तेल लागलं नाही. सहा मिनिटांत टाकी उतरवली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, त्रयोदशीला. टाकी दोन गोधड्यांत गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवली आहे, वरून आतोबांचं धोतर. तिथे ऊन येत नाही. लल्लन मिस्त्री गाडी कधी जोडायची विचारतो, त्याला सांगितलं की माझी आत्या म्हणेल तेव्हा. टाकीशिवाय गाडी निघत नाही, आणि दोनदा टक टक झाल्याशिवाय तू खाली उतरत नाहीस, ही तुझीच पद्धत. माळ्यावरची ती चिठ्ठी सोबत पाठवतो. तिच्यावर नाव नव्हतं म्हणून मी ती मला लिहिलेली समजत होतो.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय, तू जेव. आज साडेतीनला मी जमिनीवर कान लावून पडलो होतो. गोधड्यांतून आवाज आला. शपथेवर लिहितो, आत्या, एकदाच आला.

— वेणी